शिट्टी काढलेला कुकर

मित्रांनो, हात धुऊन आला असाल तर खुशाल मला हात लावा, आत्ता मी तापलेला नाही. मी आंजी मोठी गावच्या धुरपताबाईंचा कुकर. वय विचारू नका. माझ्या बरोबरीची भांडी कधीच मोडीत गेली, मी अजून रोज गॅसवर चढतो. माझं झाकण घट्ट बसतं, बूड सपाट आहे. कुशीला हा पोचा दिसतो, तेवढंच काय ते माझं वैगुण्य, आणि तोच बघायला तुम्ही सगळे आला आहात हे मला ठाऊक आहे.

गावात बातमी फिरते आहे की या कुकरनं परदेशात लढाई थांबवली. ऐकायला मला गोड वाटतं, पण ते खरं नाही. लढाया कुकरनं थांबत नसतात. एका गोदामाचं दार तोफेनं उडणार होतं, ते उडालं नाही, इतकंच झालं. त्या दाराआड आपला घनश्याम होता. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे, आणि सांगून झाल्यावर तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या गोल चकतीवर दणकन दाब पडला आणि माझं पोट तयार झालं. दुखलं का म्हणाल, तर हो, दुखलं. मग आत हवा भरून मला पाण्यात बुडवलं. ज्यांच्या अंगातून बुडबुडे निघाले त्यांना बाजूला काढलं. माझ्यातून एकही निघाला नाही. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहेच.

धुरपताबाईंच्या भावानं वर्ध्याच्या बाजारातून मला उचललं आणि भाऊबीजेची ओवाळणी म्हणून बहिणीपुढे ठेवलं. घनश्याम तेव्हा शाळेतही जात नव्हता. त्याचे वडील नुकतेच वारले होते आणि गावालगतचं शेत धुरपताबाई एकट्या सांभाळत होत्या. सकाळी माझ्यात वरण-भात लावायचा, पोराला जेवू घालायचं आणि कपाशीत निंदायला जायचं, असा त्यांचा नेम होता. पोळ्याच्या पुरणाची डाळ माझ्यातच शिजायची. माझी शिट्टी खणखणीत, चार घरं ओलांडून ऐकू जायची. कुणी नाव ठेवलं तर धुरपताबाई म्हणायच्या, “माह्या कुकरले तोंड मोठं हाय, पण तो खोटं नाई बोलत. शिजलं म्हंजे शिजलं.”

पुढे घनश्याम शिकला, फिटर झाला आणि हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं बसवायची, बिघडली तर दुरुस्त करायची, हे काम त्याला मनापासून आवडे. पहिल्याच दिवाळीला त्याने आईसाठी स्टीलचा नवा कुकर आणला. तो चकचकीत होता आणि शिट्टी इतकी हळू द्यायचा की देतो आहे की नाही कळू नये. मला फळीवर ठेवलं. माझ्या दांडीला कोळ्याने जाळं केलं आणि मी तोंड फुगवून बसलो. फळीवर बसलेल्या भांड्याला दुसरं काम तरी काय असतं?

मग एक दिवस घनश्यामला परदेशी जायचं ठरलं. आफ्रिकेतल्या एका देशात कापूस भरपूर पिकत होता. तिथे आपल्याकडची यंत्रं गेली होती आणि ती बसवायला आपल्याकडची माणसं हवी होती. देशाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाईलवर नकाशा उघडाल आणि माझी गोष्ट अर्धवट राहील.

धुरपताबाईंनी फळीवरून मला खाली काढलं.

“हा घेऊन जाय,” त्या म्हणाल्या. “नवा राहू दे घरी.”

“आई, तिथं भांडे भेटते,” घनश्याम म्हणाला.

“भांडे भेटन. वरण कोण शिकवन त्या भांड्याले? आन् हा पडला, आपटला, कुठं राहून गेला, तरी मले चिंता नाई.”

हे शेवटचं ऐकून मला भयंकर राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राखेनं घासलं, नवी रबरी रिंग बसवली, पोटात तुरीच्या डाळीच्या पुरचुंड्या, हळद, तिखट भरलं आणि घरात कुणी नाही असं पाहून माझ्या झाकणावर हात ठेवला. “माह्या पोराले उपाशी ठेवजो नको,” त्या मला म्हणाल्या. माझा सगळा राग तिथेच गेला. एवढ्या विश्वासाने माझ्याशी त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

नागपूरच्या विमानतळावर वर्दीतल्या एका साहेबांना पडद्यावर माझ्या पोटातल्या पुरचुंड्या दिसल्या आणि त्यांनी मला उघडायला लावलं. “ये क्या है?” “दाल है साहब.” “इतनी?” “माँ ने दी है.” साहेबांनी एकदा घनश्यामकडे पाहिलं, एकदा डाळीकडे पाहिलं आणि मला जाऊ दिलं. अशा रीतीने मी विमानात बसलो. आपल्या गल्लीतल्या किती भांड्यांनी विमान पाहिलं आहे, सांगा बरं?

ते शहर मोठ्या नदीच्या काठी होतं. जिनिंग शहराच्या कडेला, आणि तिच्या आवारात सरकीचं एक लांबलचक गोदाम. घनश्यामसोबत नाचणगावचे बंडूजी होते. केस पिकलेले, आयुष्यभर यंत्रं बसवत फिरलेले, आणि बोलायला एक नंबर. नाचणगावच्या शेजारी पुलगावला लष्कराच्या दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, हे तुम्हाला माहीत असेल. त्यावरून बंडूजी नेहमी म्हणत, “आमी डेपोच्या उशाशी झोपणारे लोक. आमाले कायचं भेव?”

जिनिंगचा चौकीदार मूसा आपल्या बायकोमुलांसह आवारातच राहायचा. त्याला आपली भाषा येत नव्हती, यांना त्याची येत नव्हती, पण माझ्यामुळे सगळ्यांचं जमलं. पहिल्या दिवशी माझी शिट्टी ऐकून मूसाची मुलं पळाली. दुसऱ्या दिवशी ती ताटल्या घेऊन आली. महिन्याभरात त्यांच्या आईला वरण करता येऊ लागलं, आणि मूसा मला ओरडणारं भांडं म्हणू लागला. ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. यंत्रं सुरू झाली, पांढरी रुई उडू लागली, आणि घनश्याम रोज आईला फोन करून जेवणात काय होतं ते सांगायचा.

त्या देशात सरकारविरुद्ध लढणारे बंडखोर होते. भांडण कशावरून, ते मला कळलं नाही. बंडूजींनी खाणाखुणा करून मूसाला विचारलं, तर त्यानेही बराच विचार करून नुसते हात झटकले. एके सकाळी गाड्यांवर बंदुका लावलेले ते लोक शहरात शिरले. सरकारी शिपाई नदी ओलांडून मागे हटले. जिनिंगचा मालक आदल्या संध्याकाळीच निघून गेला होता. रस्ते बंद झाले, फोन बंद झाले. मूसाने या दोघांना हाताला धरून सरकीच्या गोदामात नेलं, रुईच्या गाठींची भिंत रचली आणि तिच्यामागे त्यांची अंथरुणं टाकली. पाहुण्या माणसाला पकडून ठेवलं की सोडायला मोठी किंमत मागता येते, म्हणून बंडखोर परदेशी माणसांच्या शोधात होते.

पहिल्याच दिवशी एक चूक झाली आणि ती माझ्या तोंडून झाली. कोळशाच्या शेगडीवर मला चढवलं होतं. वाफ भरली, मी सवयीने शिट्टी दिली. रस्त्यावरून चाललेली एक गाडी करकचून थांबली. माणसं आवारात शिरली. घनश्याम आणि बंडूजी गाठींमागे श्वास रोखून पडले, आणि मूसाने बाहेर जाऊन सांगितलं की यंत्रातली उरलेली वाफ सुटली. त्यांना ते पटलं नाही, पण आत शोधत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी मूसाच्या थोबाडीत मारली, डिझेलची पिंपं उचलली आणि गेले.

मूसा गाल चोळत आत आला. रागावला नाही. त्याने फडक्याने माझी शिट्टी उचलली, गार होऊ दिली आणि आपल्या खिशात टाकली.

त्या दिवसापासून मी शिट्टी काढलेला कुकर झालो. माझ्या झाकणावरच्या भोकातून वाफ नुसती फसफसत निघून जायची. जे वरण मी चुटकीसरशी शिजवायचो त्याला आता घटकाभर वेळ लागू लागला, आणि तरी डाळ बोटाला टोचायची. मला लाज वाटे. पण घनश्याम कधी कुरकुरला नाही. तो ताट पुसून खायचा आणि म्हणायचा, “आईले सांगू नका बंडूजी, कच्चं खाल्लं म्हणून.”

“मी कायले सांगू? मलेच घरी जाऊन बायकोचं ऐकाचं हाय,” बंडूजी म्हणायचे.

बाहेर गाडीचा आवाज झाला की दोघं पालथे पडत. ताटली वाजली की पालथे. मूसाच्या धाकट्या मुलीच्या हातून एकदा चमचा पडला, तर सगळे पालथे. दिवसामागून दिवस असेच गेले. घनश्याम बोलायचा कमी झाला, झोपेत दचकू लागला. मी त्याच्या उशापाशी असायचो, म्हणून मला ठाऊक आहे.

मग सरकारी फौज शहर परत घ्यायला निघाली. मूसाच्या रेडिओवर बातमी आली आणि त्याने दोन्ही हात वर करून ती सांगितली. आधी आकाशातून विमानं घोंघावत गेली. मग नदीपलीकडून तोफा सुरू झाल्या, आणि मूसाने बायकोमुलांनाही गोदामातच आणलं. गोदामाचे पत्रे थरथरायचे, वरून सरकीचा धुरळा पडायचा. पुलासाठी मोठी झुंज झाली म्हणतात. ती मी पाहिली नाही, फक्त ऐकली. एके दिवशी आवाज नदीच्या अलीकडे आले. पहाटे मूसाने फटीतून पाहिलं तर बंडखोरांच्या गाड्या एकामागून एक शहराबाहेर पळत होत्या. सकाळी रस्ता मोकळा पडला.

मूसा नाचतच आत आला. त्याने खिशातून माझी शिट्टी काढली, तिचं चुंबन घेतलं आणि बंडूजींच्या हातावर ठेवली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

“घनश्याम, घाल शेवटची डाळ,” बंडूजी म्हणाले. “आज शिट्टी घालून वरण. खरंखुरं.”

“बंडूजी, थांबा जरा. अजून फौज दिसली नाई.”

“अरे गेले ते! किती दिवस कच्चं खाचं? कुकर म्हणन, माह्यावर भरोसा नाई काय या लोकाईचा?”

मित्रांनो, मी खरंच तसं म्हणत होतो. शिट्टी माझ्या डोक्यावर बसली तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. शेगडीत निखारे लाल होते, पोटात घरची तूर होती, वाफ भरत होती.

तेवढ्यात आवारातल्या पाण्याच्या उंच टाकीवरून गोळीबार सुरू झाला. सगळे गेले नव्हते. काही बंडखोर टाकीवर दबा धरून बसले होते, आणि फौजेची पहिली तुकडी आवाराच्या फाटकाशी येताच त्यांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. फौजेने जोरात उत्तर दिलं. सगळे गाठींमागे पालथे झाले. मी शेगडीवर एकटा, गोदामाच्या मधोमध. पत्र्याचा एक तुकडा उडून माझ्या कुशीत आदळला. हाच तो पोचा. मी डगमगलो, पण पडलो नाही आणि झाकणही सोडलं नाही.

टाकीवरचा गोळीबार थंडावला. एकदम शांत झालं. मग बाहेरून दरडावून हुकूम आला, “आत कोण आहे? बाहेर या!” मूसाने आतून ओरडून सांगितलं की आम्ही जिनिंगची माणसं आहोत, लेकरं आहेत. पण बंडखोरही तीच भाषा बोलत. असंच सांगून त्यांनी दोन गल्ल्यांमागे दगा दिला होता आणि त्यात फौजेची माणसं मेली होती. त्यामुळे मूसावर कुणाचाही विश्वास बसेना. फाटकातून तोफ लावलेली गाडी आत आली आणि तिचं तोंड गोदामाच्या दाराकडे वळलं. दारासमोर मी होतो, माझ्यामागे रुईच्या गाठी आणि गाठींमागे सगळे. रुई किती लवकर पेटते ते तुम्हा कापसाच्या गावातल्या मुलांना मी सांगायला नको.

आणि माझी शिट्टी वर सरकू लागली.

मला वाजायचं नव्हतं. तुमची शपथ, नव्हतं. माझ्या एका शिट्टीने मूसाला मार बसला होता, आता हिने सगळ्यांचा जीव जाणार असं मला वाटलं. मी वाफ दाबून धरली, पण वाफ कुणाचं ऐकते? मी वाजलो. त्या शांततेत इतक्या जोरात वाजलो की गाठींमागे घनश्यामने कान झाकून घेतले.

बाहेर खळबळ झाली. बंदुकांचे खटके वाजले. कुणीतरी “थांबा” म्हणाल्यासारखं ओरडलं.

मी पुन्हा वाजलो.

आणि बाहेरून एक वेगळाच आवाज आला. हिंदीत. “अंदर हिंदुस्तानी है क्या?”

घनश्यामने कानांवरचे हात काढले. मी तिसऱ्यांदा वाजलो.

“अरे मियाँ, तीन सीटी हो गई! पैले कुकर उतारो, दाल जलरी!”

“हाव साहेब!” बंडूजी गाठींमागून किंचाळले. “हाव! हिंदुस्तानी! वर्धा! नाचणगाव!”

तो त्या तुकडीचा अधिकारी होता. तरुणपणी हैदराबादला शिकायला होता, टोलीचौकीत भाड्याच्या खोलीत राहिलेला. सकाळी चहूकडून कुकर वाजायचे म्हणून त्याची झोप मोडायची, असं त्यानेच नंतर सांगितलं. बंडखोर खोटं बोलू शकतात, पण ते कुकरमध्ये डाळ लावून बसणार नाहीत, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं आणि त्याने तोफेवरच्या माणसाला हात वर करून थांबवलं. सगळे हात वर करून एकेक बाहेर आले. शेवटी घनश्याम आला. त्याला हात वर करता आले नाहीत, कारण दोन्ही हातांत फडक्याने धरलेला मी होतो. शिपाई हसले. त्या अधिकाऱ्याने उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि म्हणाला, “अच्छी है. मगर दाल में खट्टा कायकू नहीं डाले?”

“खट्टा टाकते काय कोणी वरणात!” बंडूजी पुटपुटले. तोफेच्या तोंडासमोरून आत्ताच उठलेला माणूस, पण वरणाच्या बाबतीत माघार नाही.

शहर सरकारला परत मिळालं. रस्त्यांवर लोक नाचले, गाड्यांवर चढले. पण किती घरं उरली नव्हती तेही मी गाडीतून जाताना पाहिलं, आणि नाचणाऱ्यांच्या शेजारीच रडणारेही होते. मूसा आपल्या घरी राहिला. निरोप घेताना त्याने घनश्यामला बराच वेळ सोडलं नाही. त्याची बायको आजही वरण करते, असा त्याचा निरोप अधूनमधून मोबाईलवर येतो.

आम्ही घरी आलो. पुढचं तुम्ही पाहिलेलं आहे. वेशीवर ढोल, घनश्यामच्या गळ्यात हार, माझ्याही दांडीला हार. कुणी म्हणालं मला ग्रामपंचायतीच्या काचेच्या कपाटात ठेवू. माझी छाती फुगली. फळीवरचा स्टीलचा कुकर माझ्याकडे बघेना. धुरपताबाईंनी मात्र हार काढला, पोच्यावरून बोट फिरवलं, रिंग बदलली आणि अंगणभर माणसं असताना मला गॅसवर चढवलं. पोराला घरचं वरण वाढायची त्यांना घाई झाली होती. मलाही घाई झाली होती. आता मी घरात होतो, मोकळेपणाने वाजणार होतो.

मी वाजलो, आणि घनश्याम धाडकन जमिनीवर पालथा पडला. डोक्यावर हात, गुडघे पोटाशी. एका हाताने त्याने आईचा पाय ओढला. “आडवी हो आई! आडवी हो! आवाज नको करू!”

तेव्हा काही लोक हसले. मोठी माणसं तोंड फिरवून हसली. आणि खिडकीत जी पोरं होती ती खदाखदा हसली. मित्रांनो, त्या खिडकीत तुमच्यापैकी कोण कोण होतं ते मला गॅसवरून स्पष्ट दिसत होतं.

धुरपताबाई हसल्या नाहीत. त्या पोराशेजारी जमिनीवर आडव्या झाल्या, नेसत्या साडीनिशी, सगळ्यांदेखत. त्याच्या डोक्यावर आपला हात ठेवला. “झाले मी आडवी,” त्या म्हणाल्या. “हे पाह्य. झाले.” मी आणखी दोनदा वाजलो, कारण गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. माझ्या आयुष्यात मला माझ्या आवाजाचं इतकं वाईट कधी वाटलं नाही, त्या गोदामातही नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी माझी शिट्टी काढून डब्यात ठेवली. मी पुन्हा शिट्टी काढलेला कुकर झालो, या वेळी स्वतःच्या घरात. कपाटात जाण्याची हौस माझी मलाच नकोशी झाली. त्यांनी कपाटाचं विचारायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवलं. “कुकर पाह्याले ठेवत नसते,” त्या म्हणाल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा भित्रेपणा नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो. आवाज कायमचे लपवू नका. आधी सांगा, मग होऊ द्या. तसं आम्ही करतो. शिट्टी परत माझ्या डोक्यावर आली आहे. वाफ भरत आली की धुरपताबाई हातातलं काम टाकून अंगणाकडे तोंड करतात. “घनश्याम, शिट्टी होऊन राह्यली रे बाप्पा!” तिकडून “हाव” येतं, मग मी वाजतो. मीही जितकं जमेल तितकं सावकाश वाजायला शिकलो आहे, आणि या वयात नवीन काही शिकणं सोपं नसतं.

घनश्याम पुन्हा हिंगणघाटला कामावर जातो. यंत्रांच्या घरघरीचं त्याला काही वाटत नाही, अचानक झालेला आवाजच तेवढा त्याला सोसत नाही. बंडूजी मधूनमधून भेटायला येतात. मागच्या वेळी ते हळूच म्हणाले, “मी बी लाईट लावून झोपतो रे. कोणाले सांगजो नको.” डेपोच्या उशाशी झोपणारा माणूस तो. ते ऐकून घनश्याम कितीतरी दिवसांनी मोकळं हसला.

मागच्या रविवारी धुरपताबाई शेतात असताना त्याने स्वतः डाळ धुतली, मला गॅसवर ठेवलं आणि स्वतःच्या हाताने शिट्टी घातली. दार सताड उघडं ठेवलं आणि चौकटीला धरून उभा राहिला. मी वाजलो तेव्हा त्याची बोटं पांढरी पडली, कपाळावर घाम आला. पण तो उभा राहिला. नंतर त्याने गॅस बंद केला आणि माझ्या झाकणावर हात ठेवला, आईने ठेवला होता तसाच. तो बरा होणार, मित्रांनो. मला डाळ कळते, आणि कुठली डाळ शिजणार तेही कळतं.

आता माझं भांडण. दिवाळी आली आहे. सुतळी बॉम्ब कुणाच्या दप्तरात लपवले आहेत ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी तुम्हाला ते वाजवू नका म्हणणार नाही. मी स्वतः आयुष्यभर वाजत आलो, मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझी आठवण ठेवा, मला घासा, माझी रिंग बदला असंही मागत नाही, ते धुरपताबाई बघतात. मागणं एकच. वात पेटवण्याआधी आमच्या दारातून हाक मारा, “काका, आवाज होऊन राह्यला बरं!” आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा. कधी ते लगेच येईल, कधी वेळ लागेल, कधी धुरपताबाई आधी त्याच्याजवळ जाऊन बसतील. तो “हाव” म्हणाला की मग खुशाल लावा. बाकीचं त्या आणि मी पाहून घेऊ.